धुळीने लागलेली धाप थांबते, मग काही तासांनी पुन्हा का लागते?

कारण धुळीची ॲलर्जी असलेल्या दमेकऱ्याचं शरीर एकाच धुळीवर दोनदा बिथरतं: आधी काही मिनिटांत, मग साधारण ३ ते ८ तासांनी. पहिला झटका मास्ट पेशींचा, म्हणजे श्वासनलिकेच्या अस्तरातल्या संरक्षक पेशींचा. त्यांच्या अंगावर आयजीई ही प्रतिपिंडं (१९६६ साली इशिझाका या संशोधक दांपत्याने शोधलेली) आधीच चिकटून बसलेली असतात. धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्याचं प्रथिन त्यांना लागलं की पेशीतल्या दाण्यांतून हिस्टामिन हे रसायन बाहेर पडतं आणि श्वासनलिका आवळते. दुसऱ्या झटक्याला उशीर लागतो, कारण रक्तातून पेशींची कुमक यावी लागते. त्यात मुख्य इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी. इओसिन रंग लावला की सूक्ष्मदर्शकाखाली यांचे दाणे लालसर-गुलाबी दिसतात, म्हणून हे नाव. त्यांच्यामुळे नलिकेचं अस्तर सुजतं, आणि ती सूज चटकन उतरत नाही. म्हणून कळकळीने सांगते, डॉक्टरांनी ही सूज आवरणारा रोजचा स्टेरॉइडचा पंप दिला असेल तर बरं वाटतंय म्हणून तो बंद करू नका. हे दोन टप्पे, रुग्णाला ॲलर्जन (ॲलर्जी उठवणारा पदार्थ) मोजून हुंगवून तासातासाला श्वासाचा जोर तपासणाऱ्या चाचण्यांत स्पष्ट दिसतात. मात्र दुसरा टप्पा सगळ्यांना येत नाही. अशा चाचण्यांत प्रौढांपैकी साधारण निम्म्यांनाच येतो.