पावसातला घोडा: आधी पाय कोरडे करा, औषधाची बाटली नंतर

सलग पाऊस लागला की घोडेवाल्यांचे निम्मे प्रश्न पायांचे येतात आणि उरलेले औषधांचे. त्यातही बहुतेकांनी औषध आधीच देऊन टाकलेले असते आणि मग विचारलेले असते. हा क्रम उलटा करा. यावेळच्या प्रश्नांना एकत्रच उत्तर देतो, कारण सगळ्यांचे मूळ एकच आहे: घोडा दिवसभर चिखलात उभा आहे.

प्रश्न: घोड्याच्या मागच्या दोन्ही खुरांना सडका वास येतो, तळातून काळा चिकट स्राव निघतो. दुकानदाराने मोरचूद आणि फॉर्मलीन एकत्र लावायला दिले. रोज लावतोय, पण घोडा जास्तच लंगडू लागला आहे.

उत्तर: ते लावणे आजच बंद करा. खुराच्या तळाला जी त्रिकोणी मऊ गादी असते, तिच्या बाजूच्या आणि मधल्या खाचेत लीद, मूत्र, चिखल गच्च बसला की हवा कोंडते. हवेशिवाय वाढणारे जिवाणू तिथे माजतात आणि गादी खात जातात. फ्युजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा त्यातला नेहमीचा. तीव्र मोरचूद आणि फॉर्मलीन मेलेल्या भागाबरोबर जिवंत भागही जाळतात. वर टणक पापुद्रा धरतो, खाली जंतू सुखरूप राहतात. घोडा जास्त लंगडतोय तो त्या भाजण्याने. गाई-म्हशींच्या पाय धुण्याच्या हौदाचा हिशेब घोड्याच्या उघड्या गादीला लावायचा नसतो. दुकानदाराला हा फरक माहीत नसतो, आणि माहीत असला तरी त्याला बाटली खपवायची असते.

खूर रोज दोनदा आकडीने साफ करा, टाचेकडून पुढे. मधली खोल खाच बहुतेक लोक सोडतात आणि रोग तिथेच घर करतो. सैल सुटलेला, कुजलेला भाग नालबंदाकडून कापून घ्या, स्वतः चाकू चालवू नका. मग खाच कोरडी पुसून पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस आत बसवा आणि रोज बदला. एवढेच. पण घोडा पुन्हा त्याच चिखलात सोडणार असाल तर हेही करू नका, फुकट आहे.

जळके इंजिन ऑइल, डांबर, घट्ट ग्रीस खुराला फासणारे अजूनही भेटतात. ओल्या खुरावर तेलाचा थर दिला की ओल आत अडकते आणि हवा बाहेर राहते. त्या जिवाणूंना हवे तेच तुम्ही हाताने करून देता.

खूर ठिसूळ झाले, नाल वरचेवर निघतो, म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाचा डबा घेऊन गेलेलेही आहेत. बायोटिन वाईट नाही, पण खूर महिन्याला जेमतेम ८ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढच्या खुराची भिंत वरून खालपर्यंत नवी यायला ९ ते १२ महिने लागतात. आज दिलेल्या बायोटिनचा गुण या पावसात दिसणार नाही. ‘पंधरा दिवसांत खूर दगडासारखा’ असे कोणी सांगत असेल तर त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका. नाल निघतो तो खूर ओला-सुका होत राहिल्याने, खिळ्याची भोके सैल झाल्याने आणि चिखल ओढत असल्याने. पावसाळ्यात नालबंदाला ६ आठवड्यांच्या आत बोलवा, नाल पडायची वाट पाहू नका.

रात्रीत घोडा तीन पायांवर आला, खूर गरम लागतो, टाचेमागची नाडी जोरात उडते, तर बहुधा खुरात पू झाला आहे. पशुवैद्यक किंवा जाणता नालबंद तो मोकळा करील. पू कोंडलेला असताना नुसत्या प्रतिजैविकाच्या सुया टोचून काही साधत नाही. वेदनेसाठी फिनाइलब्युटाझोन डॉक्टरने सांगितले तेवढेच द्या. ‘दुखतंय म्हणून दुप्पट दिले’ हे वाक्य मी फार ऐकले आहे. दुप्पट दिल्याने दुखणे निम्मे होत नाही, पोटात आणि आतड्यात व्रण होतात, मूत्रपिंडे खराब होतात. दोन वेगवेगळी वेदनाशामके एकत्र तर नकोच.

प्रश्न: पांढऱ्या पायांच्या घोडीला टाचेच्या खोबणीत खपल्या धरल्या आहेत, पाय सुजलाय. रोज पाइपने चिखल धुतो तरी वाढतच चाललंय.

उत्तर: ताई, रोज धुताय म्हणूनच वाढतंय. या चिखल्या आहेत. डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस नावाचा जंतू त्वचेवर असतो, ओल मिळाली की त्याचे बीजाणू जागे होऊन पोहत पसरतात. चिखलाच्या कणांनी घासलेली, पाण्याने फुगलेली कातडी त्यांना दार उघडून देते. पांढऱ्या पायांची गुलाबी कातडी आधी बळी पडते. हाच जंतू पाठीवर आला तर केसांचे झुपके खपलीसकट हातात येतात.

संध्याकाळी घोडी आत घेतली की चिखल वाळू द्या आणि मग मऊ ब्रशने झाडा. धुवावेच लागले तर लगेच टॉवेलने पूर्ण कोरडे करा, केसांच्या मुळापर्यंत. खपल्या ओरबाडू नका. आठवड्यातून दोनदा २ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या शाम्पूने भिजवा, १० मिनिटे तसेच राहू द्या, मऊ पडून आपोआप सुटतील तेवढ्याच काढा, स्वच्छ धुवा, कोरडे करा. एका घोड्याचा खरारा आणि टॉवेल दुसऱ्याला वापरू नका, रोग त्यातूनच सगळ्या पागेत फिरतो. सूज गुडघ्याकडे चढली, ताप आला किंवा पाय टेकवेना झाला, तर डॉक्टर. आणि दुकानातली स्टेरॉइड मिसळलेली मलमे परस्पर लावू नका. चार दिवस लाली उतरते, मग दुप्पट उसळते.

प्रश्न: फाटकापाशी आणि पाण्याच्या टाकीपाशी घोटाभर चिखल आहे. भुसा आणि लाकडाचे तुकडे टाकले, त्यांचाही चिखल झाला. काय टाकावे?

उत्तर: काहीही टाकू नका. हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर सांगतो. भुसा, पेंढा, माती, कचरा चिखलावर टाकला की पाणी धरून ठेवणारा आणखी एक थर तयार होतो. चिखल तीन गोष्टींचा होतो: बाहेरून येणारे पाणी, लीद आणि खुरांची तुडवण. तिन्ही वेगवेगळ्या थांबवायच्या.

छपराचे पाणी पन्हळीने गोळा करून लांब सोडा. पुष्कळ जागी अर्धा चिखल एवढ्यावरच आटोक्यात आलेला मी पाहिला आहे. वरच्या अंगाने उतारावरून पाणी येत असेल तर आडवी चर काढून ते वाड्याच्या बाजूने वळवा. लीद रोज उचला. एक मोठा घोडा दिवसाला साधारण २० किलो लीद टाकतो. ती मातीत तुडवली गेली की तिथली माती पाणी सोडत नाही. ही कामे भर पावसातही होतात, त्यांना मुहूर्त लागत नाही.

मग माझा नेहमीचा आग्रह: एक कोरडा वाडा. सगळे कुरण पावसात घोड्यांना मोकळे ठेवू नका, सगळेच बरबाद होईल. सर्वांत उंच, निचऱ्याचा एक तुकडा कुंपण घालून पावसाळ्यापुरता बाजूला काढा. तिथे गवत उगवायची अपेक्षा ठेवू नका, ती जागा उभे राहण्यासाठी आहे. जमीन बोट रुतेल इतकी मऊ असेल तेव्हा घोडे याच वाड्यात. कुरणातले गवत ८ सेंटिमीटरपर्यंत उतरले की त्या भागातून त्यांना काढा. गवत मुळाशी कुरतडले आणि वरून खूर फिरला की ती जागा पुढच्या पावसात चिखलच देते. हे ज्यांनी केले त्यांच्या घोड्यांच्या पायांच्या तक्रारी निम्म्याहून कमी झालेल्या मी पाहिल्या आहेत आणि कुरणही टिकले. कुठलीही बाटली एवढे करत नाही.

वाड्याचा तळ असा: वरची काळी मऊ माती १५ ते २० सेंटिमीटर काढून टाका, खाली घट्ट जमीन लागली पाहिजे. १०० फुटांना २ फूट उतार ठेवा. त्यावर न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड पसरा. हे कापड वाचवायला जाल तर सगळा खर्च बुडेल, कारण कापड नसले की खडी मातीत बुडते आणि माती वर येते. कापडावर १० ते १५ सेंटिमीटर कोनदार फोडलेली जाड खडी घालून रोलर फिरवा. वर ५ ते ८ सेंटिमीटर दगडाची कच, पुन्हा रोलर. नदीतले गोल गोटे नकोत, ते कधी बसत नाहीत आणि खुराखाली घसरतात. पूर्ण वाडा एकदम झेपत नसेल तर फाटक, पाण्याची टाकी आणि चारा घालायची जागा, एवढ्या तीन ठिकाणी करा. खडीचे काम पाऊस सुरू होण्याआधी करायचे. चिखलावर खडी ओतणे म्हणजे खडी पुरणे. प्रत्येक घोड्याला आडवे पडायला ३.५ मीटर बाय ३.५ मीटर जागा तरी हवी. कळपात दांडगा घोडा असेल तर त्याहून जास्त, नाहीतर दुबळा घोडा पुन्हा चिखलातच उभा दिसेल.

चारा चिखलात टाकू नका. माती आणि वाळू पोटात जाऊन आतड्यात साचते आणि पोटशूळ उठतो. गव्हाणीत किंवा रबरी चटईवर घाला. डबक्यांना कुंपण घाला. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरा या जिवाणूचा संसर्ग होतो आणि वरचेवर डोळा सुजून शेवटी आंधळेपण येण्याचे ते एक कारण आहे.

पाऊस आहे म्हणून घोडा रात्रंदिवस तबेल्यात कोंडणाऱ्यांनी एकदा गुडघ्याएवढे वाकून वास घ्यावा. डोळ्यांत झोंबत असेल तर घोड्याच्या फुप्फुसांचे काय होत असेल? अंथरूण बदला, दारे-खिडक्या उघडा आणि रोज घोडा चालवा. प्लास्टिकची झूल घालून ठेवू नका, आतून घाम कोंडतो आणि पाठीला चिखल्यांचा तोच जंतू धरतो. पावसात भिजून घोडा मरत नाही. भिजलेल्या घोड्याला वारा आणि आडोशाचा अभाव त्रास देतो.

प्रश्न: दुकानदार म्हणतो पावसाळ्यात दर महिन्याला जंताचे औषध द्या आणि गोचिडासाठी अमिट्राझची फवारणी करा. चालेल का?

उत्तर: दोन्हींना नाही. दुसऱ्याला तर कधीच नाही. अमिट्राझ घोड्यावर वापरायचे नसते. त्याने आतड्याची हालचाल थंडावते, मोठ्या आतड्यात लीद अडकते आणि घोडा पोटशुळाने तळमळतो. गाईला चालते म्हणून घोड्याला चालते, हा समज काढून टाका. घोड्यासाठी म्हणून लिहिलेलेच औषध घ्या. तोच नियम खाद्याला. मोनेन्सिन हे औषध मिसळलेले जनावरांचे किंवा कोंबड्यांचे खाद्य घोड्याच्या हृदयाला विष आहे, अगदी थोडेही. एकाच टोपल्यातून सगळ्यांना खाद्य घालत असाल तर घोड्याची चंदी आजपासून वेगळी करा.

जंताचे म्हणाल तर दर महिन्याला औषध देऊन जंत मरत नाहीत, औषध मरते. जे जंत वाचतात तेच वाढतात. आधी लिदीची तपासणी करा. मोठ्या घोड्यात ग्रॅममागे २०० अंड्यांपेक्षा कमी असतील तर सहसा औषध लागत नाही. दिलेच तर १४ दिवसांनी पुन्हा लीद तपासून औषध लागू पडले का ते पाहा. मात्रा डोळ्यांच्या अंदाजाने नको. छातीचा घेर कोपरामागून आणि लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०, म्हणजे वजन किलोत. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३२३ किलो. आयव्हरमेक्टिन किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे या घोड्याला सुमारे ६५ मिलिग्रॅम, तोंडावाटे पेस्टने. कमी द्याल तर जंत तयार होतील, जास्त द्याल तर घोडा झोकांड्या खाईल. गाईचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन घोड्याला टोचू नका, सुईच्या जागी जिवाणूंची जीवघेणी सूज आलेली आहे. ६ महिन्यांखालच्या शिंगराला मॉक्सिडेक्टिन हे जंताचे औषध नको.

ताप येतो-जातो, घोडा वाळतोय, पायांना आणि पोटाखाली सूज आहे, तर माश्यांनी पसरवलेला सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा रोग, असू शकतो. आधी रक्त तपासा. दुकानदाराने अंदाजाने दिलेली डिमिनाझिन या परजीवीवरच्या औषधाची सुई घोड्याला सोसत नाही. दुकानदार डॉक्टर नव्हे, हे पुन्हा सांगतो.

बुरशी आलेल्या चाऱ्याचा प्रश्नही आहे. ऊन देऊन, झटकून, मीठ शिंपडून तो चांगला होत नाही. विशेषतः भिजलेला मका फेकाच. त्यातल्या फ्युमोनिसिन विषाने घोड्याचा मेंदू सडतो आणि त्यावर उतारा नाही. गाय पचवते, घोडा पचवत नाही.

विम्याबद्दल विचारणाऱ्यांनी पॉलिसीत आजार, अपघात आणि काम करताना आलेली अपंगता असे काय काय धरले आहे ते आधी वाचावे. घोडा मेला तर पंचनामा आणि शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नये.

आणि धनुर्वात. चिखलात लपलेला खिळा, तार, काच यांची जखम घोड्याला गाईपेक्षा फार महागात पडते. लसीचे ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक, पाऊस लागण्याआधी. ज्यांचे या वर्षीचे राहिले आहे त्यांनी याच आठवड्यात पशुवैद्यकाकडून टोचून घ्यावे.