बारावी कॉमर्सनंतर ‘इंटरनॅशनल फायनान्स’ : पदवीचं नाव बघायचं की आतले विषय?

बारावीचा निकाल लागला की कॉमर्सची मुलं आणि त्यांचे पालक एक प्रश्न हमखास घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात. ‘इंटरनॅशनल फायनान्स’ अशा नावाची पदवी आहे, ती घ्यावी का? परदेशात नोकरी लागते का? गणित सोडलं असेल तर झेपेल का? आणि एवढी फी भरून पदरात काय पडणार? या सगळ्यामागची धास्ती एकच असते, की नुसतं बी.कॉम. केलं तर पोर मागे पडेल.

दिंडोरी तालुक्यातल्या एका मुलीची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. वडील द्राक्ष बागायतदार, मुलीला बारावीला ऐंशीच्या पुढे टक्के. तिच्या हातात एका खासगी संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं. वर्षाची फी साडेतीन लाख, शिवाय होस्टेल. वडील म्हणाले, “ताई, कर्ज काढू, त्याचं काही नाही. पण हे शिकून पोरगी नेमकं करणार काय, तेवढं सांगा.” मुलीची अडचण वेगळी होती. अकरावीला तिनं मॅथ्स सोडून एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलं होतं आणि आता हे तुला जमणार नाही, असं जो तो तिला सांगत होता.

या विषयात काय शिकवत असतील असं तुला वाटतं, असं मी तिला विचारलं. “डॉलर घ्यायचे-विकायचे, ट्रेडिंग,” ती म्हणाली. मामेभावाच्या मोबाइलवर तिनं तसलं एक अ‍ॅप पाहिलं होतं. हा गैरसमज मला फार मुलांमध्ये दिसतो आणि त्याची काळजी वाटते, कारण घरबसल्या फॉरेक्सच्या नावाखाली पैसे घेणारे बरेचसे प्लॅटफॉर्म बेकायदा आहेत. रिझर्व्ह बँक अशा प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादी आपल्या संकेतस्थळावर २०२२ पासून देते आहे. तिला मी ती तिथंच उघडून दाखवली आणि भावालाही पाठवायला सांगितली.

मग वडिलांना विचारलं, गेल्या हंगामात निर्यातीच्या मालाचा हिशोब कसा झाला? ते एकदम खुर्चीत पुढे सरकले. “तेच तर! युरो पडला म्हणाला एक्स्पोर्टर, अन् किलोमागं पाच रुपये कापले. आता युरो पडला म्हणजे काय, आम्हाला काय कळतंय?”

मी मुलीपुढं कोरा कागद ठेवला. समज, एका कंटेनरमध्ये १३ टन द्राक्षं गेली. सौदा २०,००० युरोचा. माल न्हावा शेवाहून निघाला तेव्हा एक युरो ९० रुपयांना होता, पैसे खात्यात आले तेव्हा ८६ रुपयांना. आकडे मी सोयीसाठी धरलेले होते. तिनं १८ लाख लिहिलं, खाली १७ लाख २० हजार लिहिलं, वजाबाकी करून ८० हजार काढले आणि त्याला १३ हजार किलोंनी भागलं. “किलोमागं सहा रुपये पंधरा पैसे,” ती म्हणाली आणि वडिलांकडे बघायला लागली.

वडिलांचा प्रश्न तयार होता. “आणि युरो चढला तेव्हा वाढवून दिले होते का त्यानं?” मी म्हटलं, “दादा, ते तुमच्या बोलीत काय ठरलं होतं त्यावर आहे. लेखी काही होतं का?” नव्हतं.

तोवर मुलगी दुसरीकडेच पोचली होती. माल नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराला जायला तीन-चार आठवडे लागतात. २०२३ च्या अखेरपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, त्यामुळे आणखी उशीर. एवढ्या दिवसांत भाव खालीवर होणारच, मग तो आधीच बांधून घेता येत नाही का? असं तिनं आपणहून विचारलं. बँकेशी असा पुढच्या तारखेचा भाव आज ठरवता येतो, त्याला फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. तो भाव बँक मनानं लावत नाही. समज, आज युरो १०० रुपयांना आहे, आपल्याकडे व्याज ७ टक्के आणि युरोपात ३ टक्के. मग वर्षानंतरचा भाव १०० गुणिले १.०७ भागिले १.०३, म्हणजे १०३ रुपये ८८ पैशांच्या आसपास निघतो. “व्याजाचा इथं काय संबंध?” असं तिनं विचारलं, तेव्हा मी वडिलांना म्हटलं, दादा, हा प्रश्न म्हणजेच तो विषय. तुमची पोरगी त्यात शिरलीसुद्धा.

गणिताच्या भीतीबद्दल मी मुलांना स्पष्ट सांगते. पदवीच्या पातळीवर या विषयाला टक्केवारी, त्रैराशिक, चक्रवाढ व्याज आणि थोडं संख्याशास्त्र लागतं. एस.पी. घेतलेल्या मुलीनं पहिल्या वर्षी रोज थोडा वेळ दिला तर ते भरून निघतं. पुढे परदेशात फायनान्समध्ये एम.एससी. करायची असेल, तर मात्र बऱ्याच ठिकाणी कॅल्क्युलसपर्यंतचं गणित विचारतात आणि ते टाळून चालत नाही. हेही पहिल्याच भेटीत सांगितलेलं बरं.

आता पदवीचं नाव. माहितीपत्रकाची चकचकीत पानं उलटून आम्ही विषयांच्या यादीवर आलो. पहिली दोन वर्षं अकाउंट्स, अर्थशास्त्र, कॉस्टिंग, कायदा, कर. म्हणजे साध्या बी.कॉम.ला असतात तेच. विनिमय दर, देशाचा आंतरराष्ट्रीय व्यवहारतोल (बॅलन्स ऑफ पेमेंट्स), परकीय चलनबाजार, परदेशी कर्जं हे सगळं शेवटच्या वर्षातल्या मोजक्या पेपरांत. मला हे चूक वाटत नाही. हा विषय असा वरच्या मजल्यावरचाच आहे, ज्याला ताळेबंद वाचता येत नाही त्याला दोन चलनांतला ताळेबंद कसा वाचता येणार? मुंबई विद्यापीठाच्या बी.एम.एस. या व्यवस्थापनाच्या पदवीमध्येही फायनान्स घेणाऱ्यांना हा पेपर शेवटच्या सत्रात होता, तो याच कारणानं. माझा आक्षेप फक्त एवढाच, की पहिल्या दोन वर्षांची फी शेवटच्या वर्षाच्या नावानं घेतली जाते.

त्याच पत्रकात एसीसीएचा उल्लेख ठळक होता. ही ब्रिटनमधल्या लेखापालांच्या संस्थेची परीक्षा. एकूण १३ पेपर, आणि अशा पदवीमुळे त्यातल्या काहींत सूट मिळते. परीक्षा चांगली आहे, जगात बऱ्याच ठिकाणी चालते. पण भारतात कंपनीच्या ऑडिटवर सही करायची तर आपला सी.ए.च व्हावं लागतं आणि एसीसीएची फी पौंडात वेगळी भरावी लागते. पालकांना या दोन्ही गोष्टी कुणी सांगितलेल्या नव्हत्या. वडिलांनी पौंडाचा भाव विचारला आणि कागदावर स्वतःच गुणाकार केला.

एवढं असूनही मी विषय सोडून दे म्हटलं नाही, उलट आग्रहच धरला. २००७ मध्ये डॉलर ४० रुपयांच्याही खाली आला, तेव्हा तमिळनाडूतल्या तिरुपूरचे होजिअरी निर्यातदार हवालदिल झाले होते. त्यांना बँकांनी स्विस फ्रँक आणि येनवर बेतलेले गुंतागुंतीचे करार विकले. पुढे ती चलनं झपाट्यानं वधारली, अनेकांना जबर तोटा झाला, वाद कोर्टात गेले. कपडा उत्तम विणणाऱ्या माणसांच्या सह्या त्या कागदांवर होत्या, पण समोरचा काय विकतोय हे कळणारं माणूस त्यांच्या बाजूला बसलेलं नव्हतं. नाशिक, सांगली, सोलापूर, इचलकरंजी या आपल्या गावांतूनही माल बाहेर जातो, आणि इथंही अशी माणसं हवी आहेत. देशाच्या पातळीवरही तेच. जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोनं परदेशी बँकांकडे तारण ठेवायची पाळी आपल्यावर आली, ती का आली हे एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी समजून घेतलं की पुढं प्रत्येक बातमी वेगळी वाचता येते.

मुलीनं शेवटी नाशिकमध्येच बी.कॉम.ला प्रवेश घेतला. बी.बी.ए.-आय.बी.चाही (इंटरनॅशनल बिझनेस) विचार झाला, पण त्याला २०२४ पासून राज्याची सीईटी लागते आणि तिनं ती दिली नव्हती. दुसऱ्या वर्षी तिनं एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची करन्सी डेरिव्हेटिव्हजची, म्हणजे चलनांच्या पुढच्या भावावर बेतलेल्या करारांची, परीक्षा दिली. त्या परीक्षेला पदवीची अट नाही. द्राक्षांच्या हंगामात निर्यातीच्या मालाचे कस्टमचे सोपस्कार करणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे बिनपगारी काम केलं. इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), लेटर ऑफ क्रेडिट (खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी) यांतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर बँक कागद परत पाठवते, हे तिनं तिथं पाहिलं. पहिली नोकरी बहुधा अशाच कागदांची असते, बँकेच्या आयात-निर्यातीचे व्यवहार बघणाऱ्या ट्रेड फायनान्स विभागात किंवा पुण्यातल्या एखाद्या परदेशी बँकेच्या कार्यालयात. बँक जिथं चलनांची खरेदी-विक्री करते ती डीलिंग रूम फार पुढची, हेही तिला ठाऊक आहे.

महागडी विशेष पदवी मी कुणालाच सुचवत नाही असं नाही. एसीसीए करायचंच असं ज्यानं ठरवलंय, घरची ऐपत आहे आणि कॉलेज तयारी खरोखर करून घेतं, त्यानं जरूर घ्यावी. फक्त प्रवेशाआधी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम, सूट मिळणाऱ्या पेपरांची लेखी यादी आणि मागच्या तुकडीतल्या मुलांची भेट मागावी. यातलं काही द्यायला संस्था टाळाटाळ करत असेल, तर मी पालकांना थांबायला सांगते.

मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. सी.ए. करावं की परदेशात एम.एससी., यावर तिचं अजून ठरत नाही, आणि त्यासाठी पुढच्या महिन्यात ती येणार आहे. तोवर बारावीचं मॅथ्सचं पुस्तक सोडवायला घे, असं मी तिला सांगितलंय.