तीनचाकी गाडीला हलकी रेस कशी बसवावी?

तुम्ही लिहिलंय की मामांसाठी जुन्या स्कूटरच्या इंजिनावर तीनचाकी बांधलीत, पण त्यांच्या उजव्या हातात जोर नाही आणि मूठ पिळताना मनगट भरून येतं. माझं देवगडकडे छोटं गॅरेज आहे. ट्रॉलरच्या विंचमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेलेल्या शेजारच्या दादांना अशीच गाडी करून दिली होती, त्यावरून सांगतो.

पिळायची मूठ आधी काढा. दुचाकी वळणावर झुकते, तीनचाकी झुकत नाही. हँडल दंडाच्या जोरावर ओढावं लागतं. जी मूठ धरून ओढायचं तीच पिळायची, मग खड्डा आला की रेस आपोआप वाढते. आमच्या जांभ्याच्या पाणंदीत तर गाडी बेडकासारखी उडते. एटीव्हीला (जाड टायरांच्या चारचाकी रानगाडीला) असते तशी अंगठ्याने दाबायची पट्टी लावा. बिनगिअरच्या स्कूटरच्या इंजिनाला हाताचा क्लच नसतो, म्हणून ती डाव्या हाताला देता येते.

पट्टी करण्याआधी रेसची वायर ओढायला किती जड आहे ते मोजा. मी मासळीवालीचा आकड्याचा काटा मागून आणला. कार्ब्युरेटरपाशी दीड किलो, हँडलच्या टोकाला अडीच! किलोभर जोर नुसत्या वळणांत जिरत होता. सीटखालून वायर तीनदा मुरडून आणणारा मीच. मग ती मोठ्या गोलाईने फिरवली, आतून नायलॉनचं अस्तर असलेलं आवरण आणि स्टेनलेसची तार घातली. काटा पावणेदोनवर आला. रेस परत मिटवणारी कार्ब्युरेटरमधली स्प्रिंग मात्र कापू नका. बरेच जण पहिला हात तिलाच घालतात. पट्टी सोडल्याक्षणी इंजिनाची रेस खाली यायलाच हवी, दाबायला थोडी जड असली तरी चालेल.

आता पट्टीचं माप. आमच्या कार्ब्युरेटरचा स्लाइड (वायरने वर ओढला जाणारा, हवेची वाट उघडणारा तुकडा) १८ मिमी वर जायचा, आणि दादांचा अंगठा न ताणता ३६ मिमी फिरायचा. पट्टी ज्या पिनवर फिरते तिच्यापासून वायर २० मिमीवर आणि अंगठा ४० मिमीवर ठेवला की जोर निम्मा, प्रवास दुप्पट, बरोब्बर बसतं. पण मला हाव सुटली, अंगठा ६० मिमीवर नेला. पट्टी लोण्यासारखी चालली, पण रेस १२ मिमीच्या वर उघडेना. पहिल्याच घाटीत गाडी मेली, आणि दादा वर बसून मला ढकलायला सांगतायत! तुमचा कार्ब्युरेटर बटरफ्लायवाला (स्लाइडऐवजी फिरती चकती असलेला) असेल तर तो मुळातच हलका चालतो.

रस्त्यावर नेण्याआधी इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. आवाज जरासुद्धा चढला तर वायर कुठेतरी ताणतेय. मग ब्रेक गच्च दाबा आणि अंगठ्याकडे बघा. घाबरल्यावर माणूस अख्खी मूठ आवळतो. तेव्हा अंगठा पट्टीवर दाबला जात असेल तर पट्टीचा कोन बदला.

खाऱ्या वाऱ्यात साधी तार टोकाच्या गोळीपाशी गंजून उसवते. एक धागा तुटून आवरणात अडकला की रेस उघडीच राहते. म्हणून तिथे रबरी टोपी लावा, आणि होडीच्या आउटबोर्ड मशीनला असते तशी मनगटाला बांधायची लाल दोरी बसवा. ओढली गेली की इंजिन बंद.

बांधणी आरटीओत दाखवावी लागेल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली असे बदल येतात. पत्रा कापण्याआधीच विचारून या.

मामांचा डावा अंगठा किती मिलिमीटर फिरतो ते मोजून कळवा, पट्टीचं रेखाटन करून टाकतो.