सगळ्या शक्यता न चुकता कशा लिहायच्या?

प्रश्न: माझी मुलगी दहावीत आहे. संभाव्यतेच्या गणितात नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी, लिहिताना तिच्या एक-दोन जोड्या कायम सुटतात, नाहीतर दोनदा येतात. काय करावं?

उत्तर: तिची वही न बघताही सांगतो, ती सुचेल तसं लिहीत असणार. ० ते ५ हे अंक घ्या, अंक पुन्हा न वापरता दोन अंकी संख्या करा, असं म्हटलं की माझ्या शिकवणीतली निम्मी मुलं १२, २१, ३४, ४३, ५० अशी सुटतात. वीसेक झाल्या की पेन थांबतं आणि नजर वहीवर वरखाली फिरायला लागते. ‘सर, झाल्या वाटतं.’ खरी अडचण या ‘वाटतं’मध्ये आहे.

दशकस्थानी १ धरून ठेवायचा आणि फक्त एकक हलवायचा, तोही चढत्या क्रमाने: १०, १२, १३, १४, १५. १ ची ओळ संपल्याशिवाय २ ला हात लावायचा नाही. मग २०, २१, २३, २४, २५. असं करत ५४ ला आलात की संपलं, शोधाशोध नाही. पाच ओळी, प्रत्येकीत पाच, म्हणजे २५. एखाद्या ओळीत चारच दिसल्या तर चूक कुठे आहे तेही कळतं. ज्यांचं उत्तर ३० येतं त्यांनी ०१, ०२ अशी शून्याची ओळही लिहिलेली असते.

समितीचं गणित आलं की मात्र हीच पद्धत जशीच्या तशी लावून मुलं फसतात. अ, ब, क हे मुलगे आणि प, फ या मुली, यांतून दोघांची समिती. १२ आणि २१ वेगळ्या, पण अब आणि बअ ही एकच समिती. म्हणून इथे जोडीदार फक्त उजवीकडचा घ्यायचा, मागे वळायचं नाही:

अब, अक, अप, अफ
बक, बप, बफ
कप, कफ
पफ

४, ३, २, १. एकूण १०. पायऱ्या उतरत गेल्या नाहीत तर काहीतरी सुटलंय किंवा दोनदा आलंय. तेव्हा लिहायला घेण्याआधी मुलीला एवढंच विचारायला सांगा: ‘उलटं केलं तर वेगळं होतं का?’

तीन नाणी असतील तर मी आडवं नाही, उभं लिहायला लावतो. शेवटच्या रकान्यात छापा, काटा, छापा, काटा असं आलटून पालटून आठ वेळा, मधल्यात दोन-दोन, पहिल्यात चार छापे, मग चार काटे. आठ ओळी आपोआप तयार. ही काही माझी युक्ती नव्हे. मराठीच्या तासाला वृत्तांसाठी ‘यमाताराजभानसलगं’ घोकतो ना, त्यातले आठ गण म्हणजे लघु-गुरूच्या तीन अक्षरी सगळ्या शक्यता. छंदशास्त्रात त्यांचा क्रम म, य, र, स, त, ज, भ, न असा देतात. तो मांडून बघा: पहिलं अक्षर गुरू, लघु, गुरू, लघु असं बदलत जातं, दुसरं दोन-दोनदा, तिसरं चार-चारदा. आपलाच तक्ता, फक्त डावीकडून सुरू केलेला. या मांडणीला प्रस्तार म्हणतात. माझ्या वर्गात हे सांगितलं की गणितापेक्षा व्याकरणवाली मुलं जास्त खूश होतात.

आता दोन फाशांचे ३६ निकाल तिला एकदा सहा ओळींत लिहू दे. कच्चं काम ओळींतच करायचं, महिरपी कंसात उतरवायचं ते नंतर. थेट कंसात लिहायला गेलं की ओळी मोडतात, आणि मग (४, ३) लिहिलं होतं की नाही ते शोधत बसावं लागतं.