कमांडो: एक की अनेक?

‘सहा कमांडोज उतरले’ बरोबर की ‘सहा कमांडो’, आणि हा शब्द इंग्रजी ‘कमांड’वरूनच आला ना, असं एका वाचकाने विचारलंय.

‘कमांड’शी नातं आहे, पण चुलत. मूळ शब्द पोर्तुगीज ‘कोमांदो’, म्हणजे हुकमत. बटाटा, चावी, पगार हे शब्द पोर्तुगिजांकडून थेट आपल्या घरात आले. हा मात्र आफ्रिका आणि इंग्लंड फिरून आला. डच बोलणाऱ्या वसाहतवाल्यांमार्फत तो दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांच्या तोंडी रुळला. संकट आलं की ज्याने त्याने आपला घोडा, बंदूक, शिधा घेऊन जमायचं आणि आपल्यातूनच नायक निवडायचा. अशा जमावाला ‘कोमांडो’ म्हणत. आपले शिलेदार आठवा, घोडा-हत्यार ज्याचं त्याचं! म्हणजे कमांडो हा माणूस नव्हताच, ती टोळी होती.

१८९९ ते १९०२ च्या युद्धात या टोळ्यांनी इंग्रजांना जेरीस आणलं. वार्ताहर म्हणून गेलेले तरुण चर्चिल त्यांच्या हाती सापडले होते, आणि निसटलेही. पुढे जून १९४० मध्ये, फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश फौजेने माघार घेतल्यानंतर, जर्मनांच्या ताब्यातल्या किनाऱ्यांवर छापे घालायला नवी दलं उभी करायचं ठरलं, तेव्हा डडली क्लार्क या अधिकाऱ्याने हेच नाव सुचवलं. स्वारीचा जन्म ट्रान्सवालचा, म्हणजे बोअरांच्याच मुलखातला. तिथेही ‘नंबर ३ कमांडो’ म्हणजे अख्खी तुकडी. ब्रिटिश नौदलाच्या रॉयल मरीन्सची ‘४२ कमांडो’ आजही तुकडीच आहे.

आपल्याकडे १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो ही पलटण उभी राहिली. पुढे तिच्या नावातला ‘कमांडो’ जाऊन ‘स्पेशल फोर्सेस’ आलं. पण बोलीत शब्द टिकला आणि एकेका जवानाला चिकटला. गडचिरोली पोलिसांनी १९९० मध्ये ‘सी-६०’ हे कमांडो दल उभं केलं, त्यातले साठ म्हणजे साठ माणसं, साठ तुकड्या नव्हेत.

जाता जाता, ‘मार्कोस कमांडो’ हा पिवळा पीतांबर आहे. ‘मार्कोस’ या आपल्या नौदलाच्या खास दलाच्या नावात ‘मरीन कमांडो’ आधीच बसलेत.

आता अनेकवचन. आपण ‘चार फोटो’ म्हणतो, ‘फोटोंमध्ये’ म्हणतो. ‘कमांडो’ त्याच वळणाने जातो. तेव्हा इंग्रजी ‘ज’ काढून टाका: सहा कमांडो उतरले, कमांडोंनी इमारतीला वेढा घातला.