टेबल सॉची रेल लांबवावी का, आणि सोबत काय बसवावे?

आपल्या टेबल सॉचा (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापणाऱ्या यंत्राचा) फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरळ कापतात ती आडपट्टी, पात्यापासून ६०० मिमीच्या पुढे सरकत नाही, म्हणून फेन्स जिच्यावर सरकतो ती रेल लांब बसवावी का आणि तिच्याबरोबर आणखी काय घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की आधी फळीच्या आधाराची सोय करावी आणि मग रेलकडे वळावे, कारण घरच्या कामात बहुतेक वेळा अडचण मापाची नसते; कापताना फळी एका बाजूने झुकते, ही असते.

१२२० मिमी रुंद प्लायवूडमधून ८०० मिमीचा तुकडा काढायचा असेल, तर फेन्स ८०० मिमीवर नेलाच पाहिजे असे नाही. पात्याच्या कापाचे ३ मिमी धरून फेन्स ४१७ मिमीवर लावावा आणि अरुंद भाग फेन्सकडे ठेवावा, म्हणजे हवा असलेला तुकडा पात्याच्या डावीकडे मिळतो. मात्र प्लायवूडची रुंदी आधी मोजून घ्यावी आणि डावीकडेही भक्कम आधार द्यावा. लांब रेलचा खरा उपयोग कपाटाच्या बाजूंसारखे रुंद तुकडे एकाच मापात पुन्हा पुन्हा काढताना होतो. असे काम आपल्याकडे नेहमी असेल, तर रेल जरूर लांबवावी. आपले यंत्र घडीच्या स्टँडवरचे असून त्याचा फेन्स दातेरी चाकावर सरकणारा असेल, तर मात्र रेलच्या वाटेला न जाता यंत्राभोवती त्याच पातळीचे लाकडी टेबल बांधणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

रेल बसवण्याआधी यंत्राचा प्लग काढावा. पुढच्या रेलवरच घट्ट होणाऱ्या, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या फेन्सला आपला कोन त्या रेलवरूनच मिळतो. मागची रेल केवळ टोकाला आधार देते. त्यामुळे पुढची रेल वाढवलेल्या भागात किंचितही वाकडी असेल, तर फेन्स जवळ असताना पात्याला समांतर राहतो आणि दूर नेल्यावर तिरपा होतो. म्हणूनच दोन तुकडे जोडून केलेल्या रेलपेक्षा मी अखंड रेल पसंत करतो. बाजूचे वाढीव टेबल मूळ टेबलाच्या पातळीत आले की नाही, हे दोन्हींवर लांब सरळ पट्टी आडवी ठेवून पाहावे. फट दिसल्यास बोल्टजवळ पातळ पत्र्याचे तुकडे सरकवावेत. वाढीव टेबलाला स्वतःचे पाय द्यावेत, नाहीतर त्या बाजूला जड फळी टेकताच हलके यंत्र कलंडू शकते.

यानंतरचे मोजमाप सावकाश करावे, कारण सगळी अचूकता त्यावर उभी आहे. पात्याच्या एका दातावर पेनाने खूण करावी, मायटर गेजच्या (फळी ठरावीक कोनात धरून पुढे ढकलण्याच्या साधनाच्या) टेबलावरील खाचेपासून त्या दाताचे अंतर पुढच्या बाजूला मोजावे, मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे आणावा आणि पुन्हा मोजावे. एकच दात वापरल्यामुळे पात्यातला बारीकसा बाक मोजमापात शिरत नाही. पाते खाचेला समांतर झाले की फेन्सही त्याच खाचेला समांतर करावा आणि जवळ, मध्ये व अगदी टोकाला अशा तिन्ही जागी तपासावा. फेन्सचे मागचे टोक पात्याकडे झुकलेले कधीही चालणार नाही. लाकूड फेन्स आणि पात्याच्या मध्ये अडकते आणि जोराने कापणाऱ्याच्या अंगावर फेकले जाते.

सोबतच्या साधनांत पहिला मान पात्यापलीकडे कापलेली फळी पेलणाऱ्या मागच्या टेबलाचा. ते मुख्य टेबलापेक्षा एखादा मिलिमीटर खाली ठेवावे आणि मायटर गेजच्या खाचा त्यातही पुढे वाढवाव्यात, म्हणजे गेजची पट्टी अडत नाही. मोटर मागे लटकणारी असेल, तर पाते ४५ अंशांत कलवून ती मागच्या रेलला किंवा टेबलाला थडकत नाही ना, हे बोल्ट पक्के करण्याआधीच पाहावे. पात्यामागचा रायव्हिंग नाइफ (कापाची फट मिटू न देणारी पातळ पट्टी) आणि वरचे गार्ड (पात्यावरचे संरक्षक झाकण) यंत्राबरोबर आले असतील, तर रेल बदलल्यावर ते पुन्हा लावल्याशिवाय काम सुरू करू नये. फळी फेन्सला दाबून धरणारा फेदरबोर्ड पात्याच्या अलीकडेच लावावा. पात्याच्या बाजूला लावल्यास तो काप मिटवतो आणि लाकूड पात्याला आवळते. रेलवरची मापपट्टी सर्वांत शेवटी, एक तुकडा प्रत्यक्ष कापून आणि मोजून चिकटवावी, आणि वेगळ्या जाडीचे पाते घातले की तिचा काटा पुन्हा जुळवावा.