कोल्हापूरहून मुलांना खऱ्या वाफेच्या गाडीत बसवायचं असेल तर कुठं न्यावं? माथेरान, उटी की दार्जिलिंग?

तुम्ही लिहिलंय की मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत, सुट्टीत गर्दीपासून लांब कुठंतरी डोंगरात चार दिवस काढायचेत, आणि वाफेच्या गाडीचा एवढा खटाटोप करण्यासारखं त्यात काही आहे का. आम्ही दोन वर्षांपूर्वी हाच खटाटोप करून आलो. बरोबर माझे वडील, म्हणजे आबा होते, वय अठ्ठ्याहत्तर. माझं उत्तर उटी. त्यातही पायथ्याचं मेट्टुपालयम ते उटीच्या अलीकडचं कुन्नूर एवढाच टप्पा. का, ते सांगतो.

माथेरान जवळ आहे हे खरं, पण तिथं गाडी आता डिझेलवर चालते. शिवाय पावसाळ्यात नेरळहून वर गाडीच नसते, फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी. दार्जिलिंगला घुमपर्यंत वाफेची फेरी आहे, पण कोल्हापूरहून तिकडं जाणं म्हणजे अर्धी सुट्टी रस्त्यातच.

उटीला जाणारी ही निलगिरीची गाडी मीटरगेज आहे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. आपली कोल्हापूर-मिरज लाईन 1891 साली संस्थानानं सुरू केली, तीही मीटरगेजच होती. 1971 च्या सुमारास ती रुंद, म्हणजे ब्रॉडगेज झाली. आबा त्या जुन्या गाडीनं हातकणंगल्याहून कॉलेजला यायचे. खिडकीत बसलं की डोळ्यात कोळसा जायचा, कोल्हापूर येईपर्यंत पांढरा सदरा ठिपक्याठिपक्यांचा व्हायचा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मेट्टुपालयमच्या फलाटावर उतरल्याबरोबर ते रुळांपाशी गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “अरे, ही तर आपलीच लाईन की!” आता गंमत बघा, कोल्हापूर-मिरज अंतर साधारण 47 किलोमीटर आणि मेट्टुपालयम-उटी 46. आपल्याकडं तासाभराचं काम, तिथं चढताना जवळजवळ पाच तास लागतात.

एवढा वेळ का लागतो, तर पायथ्याचं कल्लार स्टेशन सुटलं की चढ लागतो तो जवळपास बाराला एक. म्हणजे बारा फूट पुढं गेलं की एक फूट वर. एवढ्या चढाला नुसती चाकं घसरतील. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्यात, दोन, शेजारी शेजारी. दोन्हींचे दाते मुद्दाम मागंपुढं ठेवलेत, म्हणजे इंजिनाच्या दातेरी चाकाचा एक तरी दात कायम अडकलेला राहतो. इंजिनाला सिलिंडर चार. दोन नेहमीच्या चाकांना, दोन या दातेरी चाकांना. दात्यांवर चढताना खालून एक धक्का बसतो आणि आवाज बदलतो. माझ्या धाकट्यानं तो धक्का बरोबर ओळखला. त्यानंतर पुढचा अर्धा तास तो तोंडानं दोन्ही आवाज काढून दाखवत होता, डबाभर लोकांना.

इंजिन पुढं नसतं, मागं असतं. ते गाडी ढकलत वर नेतं. म्हणून सगळ्यात पुढच्या डब्यात बसायला मिळालं तर समोर फक्त रूळ, दरी आणि बोगद्याचं तोंड. प्रत्येक डब्याच्या पुढच्या ओट्यावर एक ब्रेकवाला उभा असतो. पुढच्यानं झेंडी दाखवली की मागचे आपापला ब्रेक फिरवतात. आबांचं अर्धं लक्ष देखाव्यावर आणि अर्धं त्या माणसाच्या हातांवर. कुन्नूरपर्यंत त्यांनी त्याच्याशी मराठीत आणि त्यानं त्यांच्याशी तमिळमध्ये गप्पा मारल्या. दोघांचंही काही अडलं नाही.

खरी मजा मात्र गाडी थांबते तेव्हाची. इंजिनाला वाटेत पाणी लागतं. वाटेतल्या हिलग्रोव्ह स्टेशनवर गाडी थांबली की सगळे खाली उतरतात, चहा घेतात आणि इंजिनापाशी जाऊन उभे राहतात. पाण्याचा पाइप वरून सोडलेला, कुठल्यातरी सांध्यातून फुस्स करून वाफ सुटतेय, खाली खडीवर गरम पाण्याचे थेंब टपटपतायत. धाकटा म्हणाला, “बाबा, हे तर गुऱ्हाळ पळतंय!” काहिलीवरची वाफ ज्यानं बघितलीय त्याला हे लगेच पटेल. आमचं इंजिन तेलावर चालणारं निघालं, फावड्यानं कोळसा टाकणं वगैरे काही नाही. आबा जरा हिरमुसले. “कोळसाच नाही? मग डोळ्यात काय जाणार?”

तिथली माकडं मात्र सांभाळा. जयसिंगपूरहून खास आणलेलं अर्धा किलो भडंग एका माकडानं थोरलीच्या हातातून पिशवीसकट नेलं आणि फलाटाच्या छपरावर बसून, लसूण बाजूला काढून, निवांत खाल्लं.

आता फसवणुकीचं. आमच्या एजंटानं “थेट उटीपर्यंत वाफेचं इंजिन” असं छातीठोक सांगितलं होतं. तसं नाही. कुन्नूरला वाफेचं इंजिन काढतात, पुढं उटीपर्यंत डिझेल. थोरलीचा तिथं पार मूड गेला. म्हणून म्हणतो, मुलांना आधीच सांगून ठेवा, आणि जमलं तर कुन्नूरलाच उतरून मुक्काम करा. उटीपेक्षा गाव शांत, चारी बाजूंनी चहाचे मळे, आणि इंजिनांची शेड स्टेशनापाशीच. आम्ही रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचो आणि शेडच्या कुंपणापाशी थबकायचो. उटीला एक दिवस डिझेलच्या गाडीनं जाऊन या, वाटेत केत्तीची दरी बघण्यासारखी आहे.

जायचं कसं? मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभरात बेंगळुरू, तिथून कोइम्बतूर, मग मेट्टुपालयम. गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते, त्यामुळं आदल्या रात्री मेट्टुपालयमलाच राहा. म्हातारं माणूस आणि लहान मुलं घेऊन पहाटे धावपळ नको. तिकीट शोधताना उटी असं टाकू नका, उदगमंडलम टाका. आणि तारीख उघडली की त्याच दिवशी काढा, डबे मोजकेच असतात. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं परतीचा पाऊस असतो, दरडी पडून गाडी रद्द होते, दिवाळीच्या सुट्टीत ही जोखीम आहे. तुम्ही मे म्हणताय, ते ठीक, फक्त गर्दी जास्त असेल.

पैसे वसूल होतात का, असंही विचारलंय. थोरलीला विचाराल तर ती भडंगाचे पैसे धरून हिशोब सांगेल. आबा परत आल्यापासून एकच विचारतायत, पुढच्या वेळी कोळशाचं इंजिन कोणत्या दिवशी असतं ते आधी बघता येतं का. कुणाला माहीत असेल तर खाली लिहा.